अ‍ॅमस्टरडॅममध्ये कॅनॉलकाठचं जुनं घर घ्यायचंय? आधी खाली बघा

फंडावर, म्हणजे इथल्या घरविक्रीच्या साइटवर, तो फोटो तुम्हीही बघितला असेलच. उंच खिडक्या, त्यातून दिसणारा कॅनॉल, छताला जुने लाकडी बीम, आणि वर्णनात लिहिलंय की सतराव्या शतकातली इमारत, प्रशस्त अपार्टमेंट, शहराच्या अगदी मध्यात. रात्री अकरा वाजता असलं काही बघितलं की माणूस सकाळी उठून मकेलारला, म्हणजे इथल्या एजंटला, फोन लावतोच. मीपण लावला होता. पुढे दीडेक वर्षात मी आणि बायकोने मिळून चौदा-पंधरा अशी घरं बघितली, तीन ठिकाणी बोली लावली, एक हुकलं, एकातून आम्हीच पळालो आणि तिसरं मिळालं. आता ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतच असतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी इमारत समजून घ्या. हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हा जो कॅनॉलचा पट्टा आहे त्याचं खोदकाम 1613 ला सुरू झालं आणि 2010 पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. इथले प्लॉट समोरून अरुंद आणि मागे लांबच लांब, त्यामुळे बऱ्याच घरांचे दोन भाग असतात, रस्त्याकडचं पुढचं घर आणि मागचं घर म्हणजे आख्तरहाउस, मध्ये छोटासा चौक. अ‍ॅन फ्रँकचं कुटुंब लपलं होतं ते प्रिन्सेनग्राख्त 263 चं असंच मागचं घर. आता तुमच्या कामाचं काय, तर जाहिरातीतल्या "प्रशस्त" फ्लॅटचा मधला भाग बहुतेक वेळा अंधारा असतो. पुढच्या खोलीत लख्ख उजेड, मागच्या खोलीत बागेचा उजेड, आणि मधल्या खोलीत दुपारी बारालाही दिवा. फोटोग्राफर सगळे दिवे लावूनच फोटो काढतो, म्हणून घर बघायला गेलात की सगळ्यात आधी सगळे दिवे बंद करा. मकेलार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

मजला कुठला हेपण महत्त्वाचं. रस्त्यापासून चार-सहा पायऱ्या वर असतो तो बेल-एताज, सगळ्यात उंच छत, प्लास्टरची नक्षी, शेकोटीला संगमरवर, आणि किंमतही तशीच. त्याच्या खाली अर्धा जमिनीत गेलेला मजला म्हणजे सूतेरेन, तिथे ओल येतेच, किती येते एवढाच प्रश्न. भिंतीला खालून मीटरभर नवा रंग दिसला की समजून जा. वरचे मजले उजेडाला मस्त पण जिने इतके उभे की दोराला धरून चढावं लागतं, आईवडील येऊन राहणार असतील तर त्यांना डोळ्यासमोर आणून एकदा तो जिना उतरून बघा, चढून नाही, उतरून. खरंच मोठी सलग जागा पाहिजे असेल तर ब्राउवर्सग्राख्तच्या बाजूला जुन्या गोदामांचे फ्लॅट केलेत ते बघा, एकाच मजल्यावर मोकळी मोठी जागा मिळते, फक्त छत थोडं खाली आणि उजेड दोन टोकांकडूनच.

आणि चौरस मीटर किती ते स्वतः तपासा. मोजणी इथे एनईएन 2580 नावाच्या स्टँडर्डने होते आणि त्यात दीड मीटरपेक्षा कमी उंचीची जागा राहण्याच्या क्षेत्रफळात धरत नाहीत, म्हणजे तिरक्या छताखाली जमीन भरपूर दिसते पण कागदावर कमी भरते. मोजणीचा रिपोर्ट मागा, देतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय. अ‍ॅमस्टरडॅमची जमीन म्हणजे वरती चिखल आणि पीट (कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर), घट्ट वाळूचा थर लागतो साधारण बारा मीटर खाली. जुनी घरं त्या वाळूपर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. दाम चौकातला राजवाडा 13,659 खांबांवर उभा आहे असं इथे शाळेतल्या पोरांना पण पाठ असतं. लाकूड पाण्याखाली बुडलेलं असलं की शतकं टिकतं, पण भूजल खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की हवा लागते, बुरशी धरते, आणि मग सडायला वेळ लागत नाही. शिवाय पाण्याखाली असूनही काही बॅक्टेरिया पाइनचं लाकूड हळूहळू बाहेरून मऊ करतात, त्यामुळे "आमचे खांब कायम पाण्यात आहेत" हे उत्तर पुरेसं नाही. कॅनॉलचं पाणी समुद्रसपाटीच्या डच मापापेक्षा 40 सेंटीमीटर खाली ठेवलेलं असतं पण घराखालचं भूजल त्याच पातळीला असेलच असं नाही.

आता घर वाकडं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. काही घरं पुढे झुकलेली मुद्दामच बांधलीत, छताजवळच्या आकड्याला, म्हणजे हुकला, दोर बांधून सामान वर खेचताना भिंतीला घासू नये म्हणून. बाजूला झुकलेली घरं मात्र खचल्यामुळे झुकलीत, पण त्यातली कित्येक शंभर वर्षांपूर्वी खचली आणि आता शांत बसलीत. आपल्याला शोधायचंय ते हे की घर अजून हलतंय का. ते कसं कळणार, तर पुढच्या भिंतीत खाली छोटे बोल्ट ठोकलेले दिसतात का बघा, दर काही वर्षांनी त्यांची उंची मोजतात आणि त्यावरून वर्षाला किती मिलिमीटर खचतंय ते निघतं, ते आकडे मागा. दुसरं म्हणजे विटांच्या आडव्या रेघा, बांधताना त्या सरळ होत्या, आता कुठे आणि किती उतरल्यात त्याचं रीतसर मोजमाप होतं. आत गेल्यावर दारांच्या चौकटी बघा, दार नुकतंच तासलेलं असेल किंवा जुन्या तड्यावर नवा तडा गेला असेल तर प्रश्न विचारा. आणि शेवटी खांबांचा रिपोर्ट, खड्डा खणून खांब उघडे करतात, लाकडाचा नमुना काढतात आणि पाया अजून किती वर्षं चालेल ते लिहून देतात. पंचवीस वर्षांच्या पुढे असेल तर झोप लागते. रिपोर्ट नसेल, किंवा पंधरा-वीस वर्षं जुना असेल, तर तो नाहीच असं धरा. पाया नव्याने करायचा म्हणजे एका इमारतीचा खर्च सहज लाख युरोच्या पुढे जातो, आणि तळमजला रिकामा करावा लागतो ते वेगळंच. आम्ही ज्या घरातून पळालो तिथे मकेलार म्हणाला होता की शेजारच्या घराचा पाया नुकताच नवा केलाय, जणू काही ती चांगली बातमी. शेजारचं घर नव्या पायावर घट्ट बसणार आणि तुमचं जुन्या पायावर खचत राहणार, मध्ये भिंत मात्र दोघांची एकच, काय होईल विचार करा.

घरासमोरचा काठ पण बघा बरं का. 1 सप्टेंबर 2020 ला ग्रिमबुर्गवाल या कॅनॉलचा काठ सरळ पाण्यात कोसळला, त्याआधीही शहराला माहीत होतं की काठाच्या भिंती थकल्यात आणि आता एकेक करून नव्या करायचं काम चालू आहे. तुमच्या समोरचा काठ यादीत असेल तर झाडं जाणार, हाउसबोटी हलवणार, रस्त्यावर कुंपण आणि दारासमोर क्रेन. कुठे कधी काम आहे हे महापालिकेच्या साइटवर दिसतं, दहा मिनिटांचं काम आहे, करा.

मग येते व्हीव्हीई, म्हणजे इमारतीतल्या मालकांची संस्था. फ्लॅट घेतला की तुम्ही आपोआप मेंबर, नाही म्हणायची सोय नाही. छप्पर, पाया, पुढची भिंत हे सगळं सामायिक, आणि तुमचा वाटा किती ते इमारतीचे वेगवेगळे फ्लॅट करतानाच्या दस्तात लिहिलेलं असतं. कॅनॉलवरच्या घरात बहुतेक तीन-चारच मालक असतात, आणि अशा छोट्या संस्था कित्येकदा नुसत्या नावाला असतात, मीटिंग नाही, हिशोब नाही, खात्यात पैसे नाहीत. 2018 पासून कायदा असा आहे की दरवर्षी एकतर देखभालीच्या आराखड्याप्रमाणे पैसे बाजूला ठेवायचे किंवा इमारत नव्याने बांधायला जो खर्च येईल त्याच्या किमान 0.5 टक्के. तेव्हा मागायचं काय, आराखडा, बँकेतली शिल्लक, आणि गेल्या तीन वर्षांच्या मीटिंगची टिपणं. टिपणं डचमध्ये असतात, भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाका पण वाचा. आम्हाला एका ठिकाणी टिपणात एक ओळ सापडली की छताचा विषय पुन्हा पुढच्या वर्षी घेऊ, आणि तीच ओळ आधीच्या दोन्ही वर्षी होती. महिन्याचा मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूश होऊ नका, कमी असेल तर कोणीतरी पुढे एकदम मोठी रक्कम भरणार आहे आणि ते कोणीतरी बहुतेक तुम्हीच.

इमारत रेक्समोन्युमेंट म्हणजे राष्ट्रीय वारसा असेल, आणि या पट्ट्यात खूप आहेत, तर लक्षात ठेवा की संरक्षण नुसतं दर्शनी भिंतीला नसतं, आतल्यालाही असतं. जिना, जुनी छतं, शेकोटी, दारं, काहीही बदलायचं तर आधी परमिट. खिडकीला सरळ जाड डबल काच बसवता येईलच असं नाही, मग आतून दुसरी खिडकी लावणं किंवा पातळ खास काच घेणं असे मार्ग काढावे लागतात, आणि तोपर्यंत हिवाळ्यात खिडकीशेजारी बसलं की पाय गार. आधीच्या मालकाने परमिट न घेता भिंत पाडली असेल तर ती भानगड आता तुमची होते, म्हणून जुन्या कामांची परमिटं मागा. चांगली बाजू अशी की रेक्समोन्युमेंट घराच्या देखभालीच्या मान्य खर्चावर 38 टक्के अनुदान मिळतं, अर्ज खर्च झाल्यावर पुढच्या वर्षी करायचा असतो तेव्हा बिलं जपून ठेवा, आणि रेस्टोरासीफोंड्स म्हणजे वारसा इमारतींसाठीच्या निधीकडून कमी व्याजाचं कर्जपण मिळू शकतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. किमतीपुढे के.के. लिहिलेलं असतं, अर्थ असा की वरचा खर्च घेणाऱ्याचा. स्वतः राहणार असाल तर 2 टक्के ट्रान्सफर टॅक्स, राहणार नसाल तर त्याहून कितीतरी जास्त. पस्तिशीच्या आतल्यांना या टॅक्सची एकदाच माफी मिळते पण तिला किमतीची मर्यादा आहे आणि कॅनॉलवरचं मोठं घर त्या मर्यादेत बसणं विसरा. कर्ज साधारण घराच्या मूल्याच्या 100 टक्क्यांपर्यंतच मिळतं, मागितलेल्या किमतीवर नाही आणि तुमच्या बोलीवर तर नाहीच, म्हणजे मूल्यांकन बोलीपेक्षा कमी आलं तर मधला फरक, टॅक्स, नोटारिसची (मालकी नावावर करून देणाऱ्या अधिकाऱ्याची) फी सगळं खिशातून. जमीन कोणाची तेपण बघा, अ‍ॅमस्टरडॅम महापालिका 1896 पासून जमीन भाडेपट्ट्याने देते, जुन्या मध्यवर्ती भागात बरीच जमीन त्याआधीच खासगी झालेली असल्यामुळे बहुतेक प्रश्न येत नाही, तरी कडास्टर म्हणजे जमिनीच्या नोंदीत बघून खात्री करा.

बोली बहुतेक बंद पाकिटातली असते, ठरलेल्या दिवशी दुपारपर्यंत एकच आकडा द्यायचा. 2023 पासून मकेलार लोक बोलींची नोंदवही ठेवतात, त्यामुळे नंतर कळू शकतं की किती-किती बोली आल्या होत्या, नावं मात्र कळत नाहीत. आकड्याबरोबर अटी लिहा, कर्ज मिळालं तरच, आणि इमारतीची तांत्रिक तपासणी ठीक निघाली तरच. लोक सांगतील अटी काढा नाहीतर घर मिळणार नाही. नव्या बिल्डिंगसाठी कदाचित, चारशे वर्षांच्या लाकडी खांबांवर मी तरी काढणार नाही, फार तर बोली लावायच्या आधीच आपला इंजिनियर घेऊन जाईन. स्वतःचा वेगळा मकेलार घ्या, विकणाऱ्याचा कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचाच.

करारात एक कलम असतं ते दोनदा वाचा. जुन्या घरांच्या करारात बहुतेक वेळा "वयाचं कलम" टाकतात, म्हणजे घर जुनं आहे हे घेणाऱ्याला माहीत आहे, पाया, पाइप, वायरिंग, ओल यात काही निघालं तर विकणाऱ्यावर येणार नाही. कायद्याने विकणाऱ्याला माहीत असलेले दोष सांगावेच लागतात, पण घेणाऱ्यालाही स्वतः तपासावं लागतं, आणि हे कलम सगळा भार तुमच्याकडे ढकलतं. काढून टाका म्हणाल तर बहुतेक काढणार नाहीत, पण त्यातून पाया वगळा असं मागता येतं. सही झालेल्या कराराची प्रत हातात आली की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस मिळतात, त्यातले दोन तरी कामाचे, त्या काळात कारण न देता मागे फिरता येतं. त्यानंतर 10 टक्के डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी, आणि शेवटी नोटारिसकडे सह्या. डच नीट येत नसेल तर नोटारिस दुभाषा लागेल म्हणतो, त्याची वेळ आधीच ठरवा, ऐनवेळी मिळत नाहीत.

बाकी छोट्या गोष्टी. शनिवारी रात्री अकराला त्या गल्लीत जाऊन उभे राहा, उन्हाळ्यात बोटींवरची गाणी पाण्यावरून सरळ बेडरूममध्ये येतात. पार्किंगच्या परमिटला मध्य भागात वेटिंग लिस्ट असते, गाडी लागतच असेल तर आधी ते बघा. मधल्या काळात पर्यटकांना भाड्याने देऊन हप्ता काढू असा हिशोब करू नका, नोंदणी, परमिट आणि वर्षाला किती रात्री याची मर्यादा आहे आणि नियम कडकच होत चाललेत.

आणि सामान. त्या जिन्यातून सोफा जात नाही, फ्रीज पण जात नाही, सगळं खिडकीतून. बाहेरून लिफ्ट लावणारे मूव्हर्स मिळतात, पण गाडी काठावर उभी करायला चालते का, वजनाची मर्यादा आहे का ते आधी विचारा, थकलेल्या काठांवर जड गाड्यांना बंदी असते. वरच्या आकड्याला दोर बांधूनच चढवायचं असेल तर आकड्याचा लाकडी बीम आतून कोणीतरी जाणत्याने बघितल्याशिवाय काही लटकवू नका. आमचा बीम बाहेरून रंगवलेला, झकास दिसत होता, आतून सुताराने स्क्रूड्रायव्हर खुपसला तर अर्धा आत गेला.