‘पडली’ की ‘पाडली’? मुलाखतींचं कोडिंग करताना

लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या घरांतल्या चौदा मुलाखती झाल्यावर वेळ वाचवायला मी सगळ्यांचं आधी इंग्रजी करून घेतलं आणि त्यावरच कोड, म्हणजे त्या त्या उताऱ्यात काय आहे ते सांगणारी छोटी लेबलं, लावत सुटले. अकरा ठिकाणी एकच कोड: गिरणी बंद होणं. मग एका आजींचं रेकॉर्डिंग सहज पुन्हा ऐकलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाबद्दल त्या म्हणत होत्या, ‘बंद पडली नाय, पाडली.’ एका कान्याचा फरक! इंग्रजीत तो कुठेच नव्हता. अकराही मुलाखती पुन्हा ऐकल्या. कुणी मालकांवर बोट ठेवत होतं, कुणी सरकारवर, कुणी युनियनवर.

तेव्हा मराठी मुलाखतीचं कोडिंग मराठीतच करा. भाषांतर फक्त छापायच्या उताऱ्यांचं, तेही शेवटी. ‘नाय’चं ‘नाही’ करू नका, मध्येच कुणी गप्प बसलं तर तेही लिहा. ओळींना नंबर, उजवीकडे चार बोटं समास. सॉफ्टवेअर नंतर बघू.

पहिल्या फेरीत कोडमध्ये क्रियापद हवंच. ‘पैसा’ हा कोड नव्हे, ते कपाट झालं, काहीही कोंबा. ‘डबे करून घर चालवणं’, ‘मंगळसूत्र गहाण ठेवणं’ हे कोड. बोलणाऱ्याचा शब्दच नेमका असेल तर तोच उचला, जसा ‘पाडली’. याला इन व्हिवो कोड म्हणतात.

तीन-चार मुलाखतींनंतर कोडबुक करा: कोडमध्ये काय बसतं, काय बसत नाही, नमुन्याचा एक उतारा. ‘काय बसत नाही’ हा रकाना सगळे रिकामा ठेवतात आणि मग रडतात. एक मुलाखत मैत्रिणीला कोड करायला द्या, तुमचे कोड न दाखवता. जिथे जुळत नाही, तिथे बहुतेक व्याख्याच ढिली असते.

आता थीम, म्हणजे बरेच कोड एकत्र ठेवल्यावर हाती लागणारं सूत्र. ‘संपाचे परिणाम’ हे नुसतं मथळ्याचं नाव. थीममध्ये काहीतरी म्हणणं असावं लागतं. माझी होती: बायकांनी घर चालवलं, पण सांगताना त्या त्याला ‘थोडंफार’ म्हणतात. अशी थीम सापडली की तिला खोटं पाडणारी मुलाखत मुद्दाम शोधा. मला एक मिळाली. ‘घर मीच चालवलं,’ बाई ठणकावून म्हणाली. वही काढून पाहिलं, तर ‘थोडंफार’वाल्या प्रत्येकीच्या वेळी नवरा त्याच दहा बाय बाराच्या खोलीत बसलेला. हिचा रेशनच्या रांगेत होता.

आता ट्रान्स्क्रिप्टची पहिली ओळ तीच असते: खोलीत कोण कोण होतं.