लघुपटाचा सेट आणि उत्सवाचा देखावा कसा उभारावा

ठाण्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांना लघुपटासाठी चाळीतली खोली हवी असते, तर त्याच गल्लीतल्या मंडळाला गणपतीसमोर गुहा किंवा किल्ल्याचा दरवाजा. दोघांनाही साहित्य जवळजवळ सारखेच लागते: मांजरपाट, प्लायवूड, लाकडी पट्ट्या, बांबू, सुतळी, खळ आणि रंग. फरक असतो तो पाहणाऱ्याच्या जागेत. चित्रपटात पाहणारा डोळा भिंगापाशी असतो आणि तो कोठे ठेवायचा हे आपल्या हातात असते. देखाव्यात मात्र शेकडो डोळे चालत येतात, थांबतात, मागे वळून पाहतात आणि मुलांचे हात भिंतीला लागतात. म्हणून हातोडी हाती घेण्यापूर्वी नजर कोठून पडणार हे ठरवावे. खर्च, वेळ आणि मेहनत यांचा सगळा हिशेब त्यावर बसतो.

लघुपटाच्या बाबतीत पहिले काम म्हणजे संहिता वाचून तीन याद्या करणे. समजा, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबाची १९८५ सालची खोली दाखवायची आहे. संहितेत उल्लेख असलेल्या वस्तू पहिल्या यादीत आणि उल्लेख नसूनही त्या घरात असणारच अशा वस्तू, म्हणजे रॉकेलचा स्टो, फळीवरचे डबे, दाराच्या खुंटीवरची पिशवी, दुसऱ्या यादीत लिहाव्यात. तिसरी यादी त्या खोलीत अजिबात दिसता कामा नयेत अशा गोष्टींची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची असूनही बहुतेक जण ती करत नाहीत. किमतीच्या पाटीवर ₹ हे चिन्ह आले तर ते चुकले, कारण ते २०१० मधले आहे. शहराचे नाव अधिकृतपणे १९९५ मध्ये बदलल्यामुळे इंग्रजी पाटीवर तेव्हा ‘बॉम्बे’ असायला हवे. आणि पात्राने वाशीहून लोकलने आल्याचे सांगितले तर तेही चालणार नाही, कारण वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये पोहोचली. अशा तपशिलांसाठी नातेवाइकांचे जुने कौटुंबिक फोटो मागून घ्यावेत आणि त्यांत माणसांच्या मागे काय दिसते ते पाहावे. भिंतीचा रंग, विजेच्या लाकडी बोर्डावरची काळी गोल बटणे, पडदा कशाला अडकवला आहे, हे सारे तिथे सापडते.

यानंतर चौकटीचे, म्हणजे कॅमेऱ्यात किती भिंत दिसते याचे, माप काढावे. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद आहे, त्यात दिसणारी रुंदी काढण्याची रीत सोपी आहे: ३६ ला भिंगावर लिहिलेल्या मिलिमीटरांनी (नाभीय अंतराने) भागावे आणि आलेल्या उत्तराला भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणावे. ५० मिलिमीटरचे भिंग १० फुटांवरून साधारण सव्वासात फूट भिंत पाहते, तर २४ मिलिमीटरचे भिंग तेवढ्याच अंतरावरून १५ फूट. बाजारातले प्लायवूड ८ फूट बाय ४ फुटांचे असते, म्हणजे फळ्या उभ्या लावल्यास दिसणाऱ्या भागापुरते पहिल्या वेळी दोन फळ्यांत काम भागते आणि दुसऱ्या वेळी चार लागतात. भिंग बदलताच खर्च दुप्पट होतो, हे छायाचित्रणकाराशी आधीच बोलून घ्यावे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला त्या अंतरावरून उंची फक्त चार फूट दिसते, त्यामुळे कॅमेरा वर वळणार नसेल तर छत बांधण्याचे कारण नाही. फोनवर चित्रीकरण असेल तर आकडेमोड सोडून द्यावी, व्हिडिओ चालू करून जागेवर उभे राहावे आणि चौकट संपते तिथे भिंतीवर चिकटपट्टी लावावी. व्हिडिओ चालू करूनच पाहावे, कारण पुष्कळ फोनमध्ये तेव्हा चौकट आणखी अरुंद होते. दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट जास्तीची भिंत ठेवावी.

सोसायटीच्या हॉलमध्ये जमिनीवर खडूने खोलीचा आराखडा प्रत्यक्ष मापात आखावा आणि कलाकारांना त्यातून चालायला लावावे. एकच सपाट भिंत कॅमेऱ्यासमोर धरली की ती पडद्यासारखी दिसते; दोन भिंतींचा कोपरा आणि त्यातल्या एकीला खिडकी किंवा दार, एवढ्याने खोलीला खोली येते. मूकपटांच्या काळात कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव, वावरता येईल असे सेट उभारले ते याचसाठी. कलाकार भिंतीपासून चार-पाच फूट पुढे असावा, म्हणजे त्याची सावली भिंतीवर चिकटत नाही. दारे-खिडक्या मात्र नव्या करू नयेत. नौपाडा, पाचपाखाडी या भागांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालतो, तेव्हा निघालेली चौकट ठेकेदाराला विचारून मिळवता येते आणि तिच्यावरचे रंगाचे थर कोणत्याही कारागिराला हुबेहूब साधणार नाहीत.

भिंत बांधण्यासाठी दोन इंच बाय एक इंच पट्ट्यांची चौकट करून कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या ठोकाव्यात, वर मांजरपाट ताणून बसवावा आणि त्यावर पातळ खळीचा हात द्यावा. वाळताना कापड आक्रसते आणि ढोलाच्या पानासारखे घट्ट होते. पावसाळ्यात यासाठी एक दिवस जास्त धरावा. भिंतीला मागून तिरका टेकू द्यावा आणि टेकूच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी. आमच्या एका चित्रीकरणात घाईत ही पिशवी राहिली आणि पंखा लावताच आठ फुटांची भिंत कलाकाराच्या पाठीमागे कोसळली; कोणाला लागले नाही, पण तेव्हापासून पिशव्या मोजल्याशिवाय मी कोणाला सेटवर पाऊल ठेवू देत नाही.

रंगकामाला सर्वाधिक वेळ द्यावा. पांढराशुभ्र रंग दिव्यांखाली फुटतो आणि त्यावरचा तपशील नाहीसा होतो, म्हणून पांढऱ्या भिंतीसाठीही फिकट राखी किंवा मळकट पिवळसर छटा घ्यावी आणि तिचा तुकडा आधी कॅमेऱ्यातून पाहावा. जुनेपणा आणताना सगळीकडे सारखा मळ फासू नये, तो कोठून आला असेल याचा विचार करावा. बटणाभोवती बोटांचे डाग पडतात, पाठ टेकून बसण्याच्या जागी डोक्याच्या तेलाचा गोल उमटतो, स्टोच्या वर काजळी धरते आणि खाडीकाठच्या या शहरांत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून ओल पसरते. स्पंजने पातळ रंग टिपत आणि जवळजवळ कोरडा ब्रश फिरवत हे थर चढवावेत. कागदांना चहाचे पाणी पुरते.

चालत पाहण्याच्या देखाव्यात या युक्त्यांपैकी काही उलट्या पडतात. मागे जाताना लहान होत जाणारे खांब उभारून लांबच लांब दालनाचा भास निर्माण करता येतो, पण तो एकाच जागेवरून टिकतो. प्रेक्षक दोन पावले बाजूला सरकला की खांब वाकडे दिसू लागतात. म्हणून असा भास झरोक्यातून किंवा कठड्याआडूनच दाखवावा. नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातील आश्चर्यांच्या लहान प्रतिकृती आहेत. त्यांच्याभोवती फिरून कोणत्या बाजूने आकार पटतो आणि कोठे पटत नाही हे पाहून यावे. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीसाठी थर्माकोलला बंदी आहे, तेव्हा खडकासाठी बांबूचा सांगाडा, त्यावर तरट आणि वर कागदाच्या लगद्याचा थर, हीच पद्धत धरावी. हात पोहोचेल तिथपर्यंत, म्हणजे जमिनीपासून सहा फुटांपर्यंत, लगद्याचा थर जाड द्यावा.

सुरक्षिततेत काटकसर नको. वाट निदान चार-पाच फूट रुंद असावी, अंधारात पायरी नसावी, बाहेर पडायला दुसरा मार्ग मोकळा असावा आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. तरट व सुती कापडावर टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचा हात दिला की ते सहजी पेट घेत नाही. मात्र कापड भिजले की हा लेप पुन्हा द्यावा लागतो. वायरिंग परवानाधारक विद्युत-कारागिराकडूनच करून घ्यावे. लघुपटासाठी दिवे लावताना कॅमेऱ्याचा शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि इतर वेगांवर साधे एलईडी दिवे लुकलुकताना दिसतात.

प्रत्येक दृश्य संपताच सेटचा चारही बाजूंनी फोटो काढावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पेला त्याच जागी ठेवता येतो. सेट उतरवण्यापूर्वी प्रत्येक चौकटीच्या मागे क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण रंगवावा आणि चौकटी कोरड्या जागी विटांवर उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या वाकतात.