तिसरी-चौथीचा अभ्यास घेताना या चुका टाळा

तिसरीच्या एका मुलीच्या वहीत मला एकदा ५०३ − १७८ चं उत्तर ४७५ दिसलं. पानावर आठ वजाबाक्या होत्या, त्यातल्या पाच चूक. मी 'नीट लक्ष दे' असा शेरा मारला आणि घरी करायला हातच्याच्या आणखी दहा दिल्या. दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा चूक. मग मी तिला शेजारी बसवून म्हटलं, "एक करून दाखव, आणि करताना मोठ्यानं बोल." ती बोलू लागली, "आठातून तीन गेले पाच. सातातून शून्य गेलं सात. पाचातून एक गेला चार." लक्ष अगदी नीट होतं. दर घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, हा तिचा नियम होता आणि तो ती इमानेइतबारे पाळत होती. आदल्या दिवशी ज्या तीन बरोबर आल्या होत्या, त्यांत हातचा घ्यायची वेळच आली नव्हती.

म्हणून पहिली चूक आपली: उत्तर चुकलं की आणखी उदाहरणं द्यायची. त्यानं चुकीचाच सराव पक्का होतो.

याच वजाबाकीचं उत्तर दुसरं मूल ३३५ लिहितं. त्याला हातचा येतो, पण मधल्या शून्यापाशी ते अडखळतं. शतकातून एक घेतो, पाचाचे चार होतात, तीनाचे तेरा होतात आणि शून्याचे दहाही होतात. एका शतकातून दहा दशकंही मिळाली आणि वर दहा सुटेही! इथे काड्यांचे गठ्ठे काढावेच लागतात. शंभराचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवा. एक शंभर सोडला की दहा दशकं होतात. त्यातलं एक दशक सोडून सुट्यांत मिसळलं की उरतात नऊ. चार, नऊ, तेरा. हे त्याच्या हातानं दोनतीनदा झालं की ३२५ आपोआप येतं. पहिल्या मुलीला हेच शून्याचं उदाहरण आधी देऊ नका. तिला ५३ − १८ पासून सुरुवात हवी.

संख्या ऐकून लिहिताना होणाऱ्या चुका वेगळ्या. सदुसष्ट ऐकून ७६ लिहिणाऱ्या मुलाला दशक-एकक समजत नाही असं लगेच ठरवू नका. आपण बोलताना आधी एकक उच्चारतो आणि लिहिताना आधी दशक, त्यात ते उलटंपालटं होतं. एकोणसाठला ६९ लिहिणं हीसुद्धा ऐकण्यातलीच गंमत, 'साठ' ऐकू आलं की सहा लिहून मोकळं. 'एकोण' म्हणजे एक उणा, एवढं सांगितलं तरी बरंच सुधारतं.

पाढ्यांबद्दल थोडक्यात. घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या मुलाला मध्येच 'आठ साते?' विचारा. पुष्कळदा गाडी आठ एकेपासून निघते. दहापर्यंतच्या पाढ्यांत गुणाकार शंभर. त्यातून १, २, ५ आणि १० चे सोपे काढून टाका, ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरा, की उरतात फक्त २१. तेवढेच उलटसुलट विचारत राहा.

भागाकारात ६१८ ÷ ६ = १३ हे ठरलेलं. एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून वरचं शून्य न लिहिताच मूल पुढचा आठ खाली ओढतं. मांडायच्या आधी 'सहाशेचे सहा वाटे केले तर एकेकाला किती?' एवढं विचारलं की १३ बघून त्यालाच हसू येतं.

शाब्दिक उदाहरणांत मात्र आपणच मुलांना भलत्या वाटेला लावतो. "'जास्त' दिसलं की बेरीज, 'कमी' दिसलं की वजाबाकी" ही क्लृप्ती मला अजिबात पटत नाही. 'मीनाकडे २४ गोट्या आहेत, त्या रवीपेक्षा ६ ने जास्त आहेत, तर रवीकडे किती?' यात 'जास्त' आहे आणि उत्तर १८ आहे. आधी विचारा, कोणाकडे जास्त? मग चिन्ह.

तशीच गत वेळेची. ९:४० ते ११:१५ म्हणजे १ तास ७५ मिनिटं, कारण हातचा शंभराचा घेतला. इथे वजाबाकी मांडूच देऊ नका. ९:४० पासून १० पर्यंत २० मिनिटं, मग ११ पर्यंत एक तास, मग १५ मिनिटं.

आता वाचन. इथल्या चुका वहीत दिसत नाहीत, म्हणून जास्त फसव्या. उताऱ्यात वाक्य असतं, 'पावसाअभावी पिकं करपली.' प्रश्न असतो, 'पिकं का करपली?' मूल लिहितं, 'पावसाअभावी पिकं करपली.' पूर्ण गुण. त्यालाच विचारा, "म्हणजे पाऊस पडला की नाही?" एका मुलानं मला सांगितलं होतं, "खूप पडला." वाचन अस्खलित, अक्षर मोत्यासारखं, आणि 'अभावी' कधी कानावरच पडलेलं नाही. तिसरीपासून परिसर अभ्यासही वाचूनच समजून घ्यायचा असतो, त्यामुळे असा एकेक शब्द महागात पडतो. पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. आणि 'आता तुला वाचता येतं ना' म्हणून वाचून दाखवणं थांबवू नका. या वयात मुलाला स्वतः वाचून जेवढं कळतं, त्याहून बरंच अवघड ऐकून कळतं.

निबंधातली प्रत्येक वेलांटी लाल करणंही टाळा. 'उत्सुकता'चा उकार चुकेल म्हणून मुलं 'मजा आली' लिहून मोकळी होतात, आणि मग सगळ्या निबंधांत मजाच येते. एका वेळी एकच प्रकारची चूक दाखवा.

फळ्यावरून उतरवतानाच आकडे चुकत असतील आणि पुस्तकातून घेतलेले बरोबर येत असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डोळे तपासून घ्या.