डेस्कटॉपचं बायोस सेट कसं करायचं? नागपूरच्या घर-दुकानांसाठी

सीताबर्डीत असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप बहुतेक वेळा एका संध्याकाळी तयार होतो. दुकानदार भाग जोडतो, विंडोज टाकतो, एखादा व्हिडिओ चालवून दाखवतो आणि पीसी तुमच्या हवाली करतो. बायोस मात्र मदरबोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा होतं तसंच राहतं. मग ३२०० मेगाहर्ट्झच्या रॅमचे पैसे मोजलेले असतात आणि ती २४०० किंवा २६६६ वरच चालत असते. मे महिन्यात पंख्यानं वेग घेईपर्यंत प्रोसेसर तापून गेलेला असतो. लाईन जाऊन आली, की दुकानातला कॉम्प्युटर कुणी बटण दाबेपर्यंत बंदच. या तिन्हींवरचा इलाज बायोसमध्ये आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणारं, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेलं छोटं सॉफ्टवेअर. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बोर्डांवर खरं तर त्याचा नवा अवतार, यूईएफआय, असतो. बाजारात सगळे त्याला बायोसच म्हणतात, इथेही तसंच म्हणू. त्यात शेकडो ओळी दिसतात. सामान्य माणसानं हात लावण्यासारख्या त्यातल्या पाच-सहाच आहेत आणि त्या नीट कळल्या तर घाबरण्यासारखं काही उरत नाही.

आत जाण्याआधी

मोबाईल जवळ ठेवा. जे पान बदलणार असाल त्याचा बदलण्याआधी फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, एफ-१० दाबून सेव्ह करा, विंडोज नीट सुरू होतं का ते पाहा आणि मगच पुढची गोष्ट हातात घ्या. पाच बदल एकदम केले आणि पीसी अडला, तर दोष कशात आहे ते शोधताना रात्र जाते.

दुसरी खबरदारी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची. विंडोज ११ असलेल्या अनेक पीसींवर मालकाला न कळताच डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते. अशा वेळी बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) किंवा सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बदललं, तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती आधीच शोधून कागदावर उतरवून ठेवा, किंवा बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा. हे काम टाळू नका. की मिळाली नाही तर डिस्कवरचा डेटा परत मिळवायचा मार्ग उरत नाही.

आत कसं जायचं

पीसी रिस्टार्ट करा आणि पडदा उजळायच्या आधीपासून डिलीट किंवा एफ-२ हे बटण टकटक दाबत राहा. आसूस, गिगाबाइट, एमएसआय, अॅसरॉक यांच्या बोर्डांना डिलीट चालतं. डेलच्या तयार डेस्कटॉपला एफ-२, एचपीला एफ-१०, लेनोवोच्या ऑफिसातल्या डेस्कटॉपला बहुधा एफ-१. कीबोर्ड वायरचा घ्या आणि मागच्या यूएसबी पोर्टात लावा. ब्लूटूथचा कीबोर्ड या टप्प्यावर जागा नसतो.

शटडाउन करून पुन्हा चालू करण्यापेक्षा रिस्टार्ट बरं, कारण फास्ट स्टार्टअपमुळे बंद केलेलं विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं. तरीही बटणाची वेळ साधत नसेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून सिस्टम, रिकव्हरी, अॅडव्हान्स्ड स्टार्टअप असं जाऊन रिस्टार्ट नाऊ दाबा. मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. पीसी थेट बायोसमध्ये उघडतो.

समोर ईझी मोडचं रंगीत पान येईल. आसूस आणि एमएसआयवर साधारणपणे एफ-७ आणि गिगाबाइटवर एफ-२ दाबलं की अॅडव्हान्स्ड मोड उघडतो. खरं काम तिथेच.

आधी घड्याळ पाहा

तारीख-वेळ चुकलेली आहे का? एकदा दुरुस्त करूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनंच वर्ष दिसतं का? मग बोर्डवरचा सेल संपला आहे. तो गोल, चपटा, ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात तो मिळतो. तारीख मागे गेली की ब्राउझर बँकेच्या आणि सरकारी साइट असुरक्षित म्हणून उघडेनासे होतात आणि लोक नेटवाल्याला फोन करत बसतात. शिवाय सेल संपलेला असेल तर तुम्ही केलेली सेटिंगही वायर काढली की पुसली जाऊ शकते. म्हणून सेल आधी, बाकी सगळं नंतर.

बदलणं सोपं आहे. पीसी बंद करून मागची पॉवरची वायर काढा. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. सेलच्या कडेला धातूची बारीक पट्टी असते. ती नखानं बाहेर ढकलली की सेल स्वतःच उचलला जातो. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा.

पंखा: नागपूरकरांनी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा

मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये पंखा आवाज करू नये याला बरंच महत्त्व दिलेलं असतं. एसीच्या खोलीत ते ठीक. पण मेच्या अखेरीस नवतपा लागला, बाहेर ४५ अंश आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश झाले, की गणित बदलतं. प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर सरकतो. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात. दुपारी टॅली किंवा फोटोशॉप अडखळायला लागण्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आसूसमध्ये हे पान क्यू-फॅन नावानं, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन नावानं आणि एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटरमध्ये सापडतं. तिथे एक आलेख असतो: आडवं तापमान, उभा पंख्याचा वेग, आणि रेषेवर ओढता येतील असे चार-पाच ठिपके. आधी सीपीयू फॅन, म्हणजे प्रोसेसरचा पंखा, निवडा. पंख्याच्या वायरला चार पिना असतील तर मोड पीडब्ल्यूएम, तीन असतील तर डीसी. मग ठिपके असे लावा: ४० अंशांना ४० टक्के, ५५ ला ६०, ६५ ला ८० आणि ७५ अंशांना पूर्ण १००. एप्रिल ते जूनसाठी माझ्या मते हे योग्य आहे. आवाज वाढेल, पण कूलर सुरू असलेल्या घरात तो ऐकूही येत नाही. हिवाळ्यात ठिपके थोडे खाली आणता येतील.

कॅबिनेटचा मागचा पंखा चॅसिस फॅन किंवा सिस्टम फॅन या नावाखाली असतो. त्याला किमान ५० टक्के ठेवा. आतली गरम हवा बाहेर गेली नाही तर सीपीयूचा पंखा तीच हवा पुन्हा फिरवत राहतो.

बायोसच्या पानावर दिसणारं तापमान विंडोजमध्ये रिकाम्या बसलेल्या पीसीपेक्षा थोडं जास्त असतं, कारण बायोसमध्ये प्रोसेसर वीज वाचवायच्या अवस्थेत पूर्ण जात नाही. तिथे ५०-५५ दिसलं म्हणून दचकू नका. काही काम न करता ७० च्या वर जात असेल, तर मात्र सेटिंगनं भागणार नाही. हीटसिंकमधली (प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमधली) धूळ काढा आणि त्याच्या व प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावा.

इथेच कूलरचं सांगून टाकतो. कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. ती हवा थंड असते, पण दमट असते आणि तिच्यासोबत बारीक तुषारही येतात. बोर्डवर ओलसर धुळीचा थर बसतो आणि पिना गंजतात. झोतापासून बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे, ही जागा बरी.

लाईन जाऊन आली की काय व्हावं

या सेटिंगचं नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं: आसूस आणि एमएसआयमध्ये रिस्टोअर हा शब्द असलेली एसी पॉवर लॉसची ओळ, गिगाबाइटमध्ये एसी बॅक, डेलमध्ये एसी रिकव्हरी, एचपीमध्ये आफ्टर पॉवर लॉस. पर्याय तीनच असतात: बंद राहा, सुरू हो, किंवा आधीच्या अवस्थेत जा.

घरच्या पीसीला बंद राहा हाच पर्याय ठेवा. वादळी पावसात वीज येते, दोन मिनिटांत जाते, पुन्हा येते. दर वेळी पीसी आपोआप सुरू होऊन मध्येच बंद पडला, तर विंडोजच्या फाइली बिघडायला वेळ लागत नाही.

दुकान, झेरॉक्स सेंटर, सेतू केंद्र इथे गरज वेगळी. बिलिंगचा पीसी इतर काउंटरना डेटा पुरवत असेल तर आधीच्या अवस्थेत जा हा पर्याय घ्या, आणि पीसी यूपीएसवर असू द्या. असं केलं, की चालू असताना वीज गेली तरच तो परत स्वतः सुरू होतो. रात्री तुम्ही नीट बंद करून गेलात तर बंदच राहतो. सकाळी भिंतीवरचं बटण दाबताच पीसीही सुरू व्हावा असं वाटत असेल, तर सुरू हो निवडा. एक बारकावा लक्षात घ्या: यूपीएस जिवंत असेपर्यंत पीसीला वीज गेल्याचं कळतच नाही. त्यामुळे बॅकअपवर असताना तुम्ही शटडाउन केलं आणि तेवढ्यात वीज परत आली, तर तो आपोआप उठणार नाही.

ईआरपी नावाची ओळ असेल तर ती डिसेबल्ड ठेवा. ती बंद अवस्थेतली वीज वाचवते खरी, पण काही बोर्डांवर तिच्यामुळे वरची सेटिंग चालत नाही.

चाचणी घ्यायची तर विंडोज चालू असताना वायर ओढू नका. सेटिंग सेव्ह करा, रिस्टार्ट करून पुन्हा बायोसच्याच पानावर या आणि तिथे असताना भिंतीवरचं बटण बंद करा. यूपीएस असेल तर यूपीएसच बंद करा. बायोसच्या पानावर डिस्कवर काही लिहिलं जात नसतं, म्हणून धोका नाही. पंधरा-वीस सेकंदांनी बटण चालू करा आणि काय होतं ते पाहा.

रॅमचा पूर्ण वेग

इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, एएमडीच्या बोर्डावर एक्सपो किंवा डीओसीपी असं लिहिलेलं असतं. त्यातलं पहिलं प्रोफाइल, म्हणजे रॅमच्या पूर्ण वेगाचं तयार सेटिंग, निवडा, सेव्ह करा. पहिल्यांदा सुरू व्हायला पीसी जास्त वेळ घेतो. डीडीआर-५ रॅम असेल तर काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. तेवढ्यात वीज बंद करू नका. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग वाढलेला दिसेल. स्वस्त बोर्ड किंवा जुना प्रोसेसर तो वेग पेलत नसेल आणि पीसी मधूनच अडत असेल, तर एक पायरी खाली या.

पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचं असेल तर

बूट ऑर्डर, म्हणजे पीसीनं कशावरून सुरू व्हायचं तो क्रम, बदलायची गरजच नाही. सुरू होताना बूट मेनूचं बटण दाबा: आसूसला एफ-८, एमएसआय आणि अॅसरॉकला एफ-११, गिगाबाइट आणि डेलला एफ-१२. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. कायमच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला असू द्या.

विंडोज ११ साठी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेकांना हे करायचं आहे. त्यासाठी टीपीएम २.० लागतं. ते इंटेलच्या बोर्डावर पीटीटी नावानं आणि एएमडीवर एफटीपीएम नावानं लपलेलं असतं, एनेबल्ड करा. इंटेलची आठवी पिढी आणि रायझनची २००० मालिका, साधारण इथून पुढचेच प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहेत. त्याआधीचा असेल तर बायोसमध्ये काही शोधत बसू नका.

सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या बायोसच्या पद्धतीनं सुरू व्हायची सोय) बंद करावं लागतं, आणि इथे थांबून विंडोजच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडची ओळ वाचा. तिथे लेगसी लिहिलेलं असेल तर सीएसएम बंद करताच तुमचं सध्याचं विंडोज सुरू होणार नाही. आधी डेटाचा बॅकअप घेऊन डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीवरून जीपीटी या नव्या मांडणीत बदलून घ्या. यूईएफआय लिहिलेलं असेल तर निर्धास्त पुढे जा.

याला हात लावू नका

व्होल्टेज, सीपीयू रेशो आणि साटा मोड (बोर्डनं डिस्कशी बोलायची पद्धत). साटा मोड एएचसीआयवरून रेडवर नेला, की चांगलं चालणारं विंडोज निळा पडदा दाखवतं. ओव्हरक्लॉकिंगही, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, नागपूरच्या उन्हाळ्यात प्रोसेसरच्या साध्या पंख्यावर करू नये. आणि काही अडत नसेल तर बायोस अपडेट करू नका. नवा प्रोसेसर बसवायचा असेल किंवा कंपनीनं सुरक्षेसाठी सांगितलं असेल तरच करा, तेही यूपीएसवर आणि आभाळ स्वच्छ असताना. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

पीसी सुरूच होत नसेल तर

प्रत्येक बदल झाला की एफ-१० दाबून सेव्ह करा; बदललेल्या गोष्टींची यादी दिसली तर ती वाचूनच हो म्हणा. तरीही पीसी अडला तर प्रथम तीन-चारदा आपोआप रिस्टार्ट होऊ द्या. अनेक बोर्ड स्वतःहून जुन्या सेटिंगवर येतात. नाही आला तर वायर काढा, सेल बाहेर काढून पाच-दहा मिनिटं थांबा, परत बसवा. घाई असेल तर बोर्डवर क्लिअर सीएमओएस लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं काही सेकंद जोडा. वायर काढलेलीच असावी. सगळी सेटिंग कारखान्यातल्यासारखी होईल, फाइलींना काही होणार नाही. मग पुन्हा बायोसमध्ये जाऊन मोबाईलमधले फोटो पाहत आधीची सेटिंग एक एक करून भरा. साटा मोड आणि सीएसएम सगळ्यात आधी, कारण ते जुळल्याशिवाय विंडोज उघडणार नाही.