बॉसचा स्वभाव, टीमचं मौन: या चुका टाळा

टीममध्ये काही बिनसलंय का, हे शोधायला सर्व्हे लागत नाही. गेल्या ३ महिन्यांत अंगावर आलेल्या ३ अडचणी घ्या. उशिरा गेलेली ऑर्डर, चुकलेलं बिल, अचानक आलेला राजीनामा, काहीही चालेल. प्रत्येकीपुढे २ तारखा लिहा: टीममधल्या कुणाला तरी ती पहिल्यांदा जाणवली ती, आणि तुमच्या कानावर आली ती. अंतर एक-दोन दिवसांचं असेल तर ठीक चाललंय. दोन-तीन आठवड्यांचं असेल, तर तेवढे दिवस लोक आपापसात त्यावर बोलत होते आणि तुम्ही आलात की विषय बदलत होते. (पहिली तारीख विचारताना ‘मग आधी का नाही सांगितलंत?’ असा सूर लागला, तर तीही खरी मिळणार नाही.)

हे अंतर बऱ्याचदा बॉसच्या स्वभावातून पडतं. त्यासाठी स्वभाव वाईटच असावा लागतो असं नाही. हाताखालची माणसं बॉसची प्रत्येक प्रतिक्रिया टिपतात आणि पुढच्या वेळी काय सांगायचं, किती सांगायचं, कधी सांगायचं ते त्यावरून ठरवतात. प्रेमळ, शांत, शिस्तप्रिय अशा सगळ्याच बॉसभोवती मौनाचा आपापला प्रकार तयार होतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा स्वभाव ट्रेनिंगच्या २ दिवसांत बदलत नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मीटिंग कशी चालते, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारले जातात, निर्णय कुठे लिहिले जातात, या गोष्टी मात्र सोमवारपासून बदलता येतात.

चूक: वाईट बातमी ऐकल्याबरोबर ‘का झालं?’ विचारणं

अप्रिय बातमी पोचवायला माणूस मुळातच कचरतो, अगदी त्यात त्याचा काही दोष नसला तरी. रोझेन आणि टेसर या मानसशास्त्रज्ञांनी हे १९७० मध्येच मांडलं होतं. तापट बॉससमोर हा संकोच आणखी वाढतो. आवाज चढवणं हा त्यातला सगळ्यांना दिसणारा भाग झाला. सुस्कारा टाकणं, लॅपटॉप खाडकन मिटणं, ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असं हळू आवाजात म्हणणं, यांनीही तेच काम होतं. उलट हळू आवाजातलं ते वाक्य जास्त दिवस लक्षात राहतं.

पहिल्या अर्ध्या मिनिटासाठी प्रश्नांचा क्रम पाठ करून ठेवा: ‘आत्ता नेमकी काय परिस्थिती आहे?’, ‘तुला माझ्याकडून काय हवंय?’, ‘पुढचं अपडेट किती वाजता देशील?’ कारण शोधायची बैठक वेगळी, दुसऱ्या दिवशी. ‘का’ पहिल्याच मिनिटाला आला की समोरचा माहिती द्यायची सोडून बचाव करायला लागतो, आणि आग विझवायला लागणारी माहिती त्या बचावात अडकते.

फोर्ड कंपनीतलं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. ॲलन मुलाली २००६ मध्ये तिथे प्रमुख म्हणून आले. दर आठवड्याच्या आढावा बैठकीत प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या कामांना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा होता. कंपनी त्या वर्षी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात चाललेली आणि तक्ते मात्र सगळे हिरवे! मग विभागप्रमुखांपैकी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या कामाला लाल रंग दिला. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला कोण मदत करू शकेल असं विचारलं. पुढच्या काही बैठकांत बाकीच्यांच्या तक्त्यांतही पिवळे-लाल रंग दिसू लागले. टाळ्यांपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची होती: लाल रंग दाखवणारा माणूस पुढच्या आठवड्यातही आपल्या खुर्चीवर होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

चूक: मूडप्रमाणे नियम बदलणं

केबिनबाहेर ‘आज मूड कसा आहे?’ अशी विचारपूस होत असेल, तर लोकांची निम्मी हुशारी वेळ साधण्यात खर्च होतेय. कायम कडक असलेल्या बॉसशी कसं वागायचं ते माणसं शिकून घेतात. एक दिवस खांद्यावर हात आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत पाणउतारा, हे जास्त त्रासदायक असतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, कधी न्याय्य आणि कधी अन्याय्य वागणूक मिळणाऱ्यांवर सतत अन्याय्य वागणूक मिळणाऱ्यांपेक्षाही जास्त ताण आढळला होता. पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येणं, हा विश्वासाचा फार मोठा भाग आहे.

ज्या ३-४ गोष्टींवरून रोज कुरबुर होते त्यांचे नियम लिहून टाका. रजा किती दिवस आधी मागायची, मुदतवाढ कशावर मिळेल, किती खर्चापर्यंत विचारायची गरज नाही. अर्धं पान पुरतं. अपवाद केलात तर त्याचं कारणही तिथेच एका ओळीत लिहा. नाहीतर ‘त्याला मिळालं, मला नाही’ सुरू होतं.

डोकं तापलेलं असेल त्या दिवशी सरळ सांगितलेलं बरं: ‘आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही. याचा निर्णय उद्या ११ वाजता.’ न सांगता गप्प बसलात तर समोरचा ती नाराजी स्वतःच्या नावावर जमा करतो. रागाने लिहिलेल्या मेलमध्ये पत्त्याची जागा रिकामी ठेवा आणि सकाळी वाचा. पाठवायची गरज उरलेली असेल तर दोन विशेषणं कमी करून पाठवा. रात्री साडेअकराला सुचलेली गोष्ट सकाळच्या वेळेवर शेड्यूल करून ठेवायची. ‘उद्या बघ’ असं लिहून पाठवली तरी ती रात्रीच बघितली जाते.

चूक: बोलक्या बॉसने आधी बोलणं, शांत बॉसने काहीच न बोलणं

टिमथी जज हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनेक जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. स्वभावाच्या ५ मुख्य पैलूंपैकी बहिर्मुखपणाचा नेतृत्वाशी सगळ्यात घट्ट संबंध दिसला, सहसंबंध ०.३१ (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). आकडा मध्यमच आहे, पण बोलकी माणसं लवकर वर चढतात हे आपल्यालाही दिसतंच. मात्र ग्रँट, जिनो आणि हॉफमन यांच्या २०११ च्या अभ्यासात उलटी बाजू दिसली: टीम स्वतःहून पुढाकार घेणारी असेल, तर बहिर्मुख बॉसच्या हाताखाली तिची कामगिरी कमी भरली. बॉसच सगळी जागा व्यापून टाकत असेल, तर त्या पुढाकाराला वाव कुठला?

बोलक्या बॉसची नेहमीची तक्रार असते, ‘मी विचारतो, पण कुणी काही बोलतच नाही.’ विचारतो कधी, तर स्वतःचं मत १० मिनिटं मांडून झाल्यावर. त्यानंतर येतं ते मत नसतं, री ओढणं असतं. क्रम उलटा करून पाहा:

१. विषय आणि आकडे आदल्या दिवशी द्या.
२. मीटिंगच्या सुरुवातीला ५ मिनिटं सगळ्यांनी आपलं मत आणि एक धोका कागदावर लिहायचा. लिहिलेलं मत दुसऱ्याचं ऐकून सहज बदलत नाही.
३. वाचायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून. शेवटचा नंबर तुमचा.
४. प्रश्न विचारलात की मनात ८ पर्यंत मोजा. बहुतेकांचा धीर ३ वर सुटतो आणि ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

शांत बॉसची अडचण वेगळी. त्याला वाटतं आपण समजून घेतोय. समोरच्याला वाटतं प्रस्ताव आवडला नाही, किंवा काहीतरी आधीच ठरलंय. बॉस बोलत नाही तेव्हा टीम स्वतःच गोष्ट रचते, आणि ती क्वचितच चांगली असते. मेलला २ दिवसांत उत्तर द्यायचं नसेल, तरी ‘वाचलं. विचार करतोय. गुरुवारी दुपारपर्यंत सांगतो’ एवढं त्याच दिवशी गेलं पाहिजे, आणि गुरुवारी दुपारी उत्तरही. ठरलेलं नसेल तर ‘अजून ठरलेलं नाही’ हेच उत्तर.

चूक: सगळ्यांचं मन राखणं

वरवर पाहता हा सगळ्यात निरुपद्रवी स्वभाव. नुकसान मात्र उशिरा आणि मोठं होतं. दोघांनी एकाच गोष्टीसाठी वेगवेगळे आग्रह धरले आणि बॉस दोघांनाही ‘बघूया, तुझं बरोबर आहे’ म्हणाला, तर एक दिवस ते दोघं चहाला भेटतात आणि बॉसचा शब्द संपतो. दुसरी जागा म्हणजे अप्रेझल. वर्षभर ‘छान चाललंय’ ऐकलेल्या माणसाला कागदावर कमी शेरा मिळाला, की त्याचा शेऱ्यावरही विश्वास राहत नाही आणि त्या ‘छान’वरही.

अप्रेझलमध्ये काहीही पहिल्यांदा सांगितलं जाता कामा नये. दर २ आठवड्यांनी प्रत्येकाशी ३० मिनिटं ठेवा. सुरुवातीची २० मिनिटं त्याचा अजेंडा, शेवटची १० तुमचा. खटकलेली गोष्ट आठवड्याच्या आत, एकट्यात, एका प्रसंगापुरती सांगा: काय घडलं, त्याने कुणाचं काय अडलं, पुढच्या वेळी काय हवं. ‘तू निष्काळजी आहेस’ यावर करण्यासारखं काही नसतं. ‘मंगळवारच्या रिपोर्टमध्ये बेरीज जुळत नव्हती आणि क्लायंटने ती पकडली’ यावर असतं. सुरुवातीला कौतुक, मध्ये टीका, शेवटी पुन्हा कौतुक, ही युक्ती सोडून द्या. लोक एव्हाना ती ओळखतात आणि खरं कौतुकही ‘आता काय ऐकावं लागणार’ म्हणून ऐकतात.

चूक: बारीक लक्ष म्हणजे काळजी असं समजणं

शिस्तीच्या बॉसला वाटतं आपण मदत करतोय. प्रत्येक मेलमध्ये सीसी, प्रत्येक स्लाइडवर फॉन्टची दुरुस्ती. टीमने काढलेला अर्थ: आपल्या कुवतीवर भरवसा नाही. मग लोक अर्धवट काम पाठवतात, कारण शेवटी साहेब बदलणारच, आणि बॉस म्हणतो, पाहा, तपासावंच लागतं.

काम देतानाच पातळी बोलून टाका: (अ) करून मोकळा हो, (आ) कर आणि मला कळव, (इ) करायच्या आधी विचार. बहुतेक भांडणं एकाच्या डोक्यात (अ) आणि दुसऱ्याच्या डोक्यात (इ) असल्याने होतात. तपासायचंच असेल तर मधला एक टप्पा ठरवा, साधारण एक तृतीयांश काम झाल्यावर. त्या वेळी दिशा बदलणं स्वस्त पडतं. आदल्या रात्री बदलायला लावलं तर माणूस खचतो.

चूक: नुसतं ‘माझं दार उघडंच आहे’ म्हणणं

त्या दारातून आत यायची सगळी जोखीम हाताखालच्या माणसाने घ्यायची, हाच त्यातला दोष. तुम्ही त्याच्या टेबलापाशी जा. ‘काही अडचण?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ असतं. ‘या आठवड्यात कशात जास्त वेळ वाया गेला?’ विचारा.

चूक: इशारा ऐकू न येणं

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओवर आवाज एकमेकांवर चढले होते, कारणं अनेक होती. पण केएलएम या डच कंपनीच्या विमानाने वेग घेतला असताना कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं पॅनॅम या अमेरिकी कंपनीचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, अशी शंका काढली होती. कंपनीच्या अतिशय ज्येष्ठ वैमानिकांपैकी असलेल्या कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली. इंजिनिअर पुन्हा काही बोलला नाही. अशा अपघातांनंतर १९७९ च्या नासाच्या कार्यशाळेतून वैमानिकांसाठी वेगळं प्रशिक्षण पुढे आलं. त्यात कनिष्ठांनी स्पष्ट बोलायला आणि वरिष्ठांनी ते ऐकून घ्यायला शिकायचं असतं.

ऑफिसात जीव जात नाहीत, पण शंका तशीच प्रश्नाच्या रूपात येते. ‘थोडं टाइट आहे.’ ‘करतो प्रयत्न.’ ‘बघतो सर.’ ‘क्लायंटला चालेल ना?’ आत्मविश्वास जास्त असलेल्या बॉसला यात होकार ऐकू येतो. दहापैकी किती, असं विचारून पाहा: ‘शुक्रवारपर्यंत होईल याची खात्री १० पैकी किती?’ ६ आकडा आला, तर पुढचा प्रश्न ‘८ व्हायला काय लागेल?’ ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, ६ म्हणणं जमतं.

विश्वास आधीच गेला असेल तर

कुठला भाग तुटलाय ते आधी पाहा. मेयर, डेव्हिस आणि शुअरमन या संशोधकांनी १९९५ मध्ये विश्वासाचे ३ आधार मांडले: कुवत, आस्था आणि सचोटी. औषध प्रत्येकाचं वेगळं. निर्णय चुकत असतील तर प्रश्न कुवतीचा. त्या विषयातला जाणकार सोबत घ्या आणि तसं जाहीर करा. लोकांना वाटत असेल की तुम्हाला फक्त आकड्यांची पडलीय, तर आस्थेचा. त्यांच्यासाठी वरच्यांशी कुठे भांडलात ते त्यांना कळू द्या. दिलेला शब्द फिरवला असेल तर सचोटीचा, आणि तिथे सहलीने किंवा पार्टीने काही होत नाही. एका पानावर दिलेले सगळे शब्द लिहा, पुढे तारीख, पुढे झालं-नाही झालं. पान टीमला उघडं ठेवा. नवे शब्द देताना आठवड्याला २ पेक्षा जास्त नकोत.

स्वभावाच्या चाचण्यांनी मात्र हा गुंता सुटत नाही. मायर्स-ब्रिग्जसारख्या चाचणीत १६ प्रकारांपैकी आपला प्रकार कळला की ‘मी असाच आहे’ म्हणायला छापील आधार मिळतो, आणि बऱ्याच लोकांचा प्रकार काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा दिली की बदलतो.

बदल लागू पडतोय का, हे बघताना एका गोष्टीने दचकायला होतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तक्रारी, चुका आणि लाल रंग वाढतात. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती, आणि तिथले लोक चुकांबद्दल उघड बोलत होते, हे त्याचं कारण निघालं. तेव्हा पहिले २-३ महिने अडचणींची संख्या वाढली तर वाढू द्या. सुरुवातीच्या त्या २ तारखा दर महिन्याला पुन्हा लिहा आणि मधले दिवस मोजा. ३ महिन्यांनंतरही अंतर तेवढंच राहिलं, तर टीममधल्या एखाद्या जुन्या माणसाला शेवटची वाईट बातमी कुणी, कुठे आणि का अडवली ते एकट्यात विचारा. बऱ्याचदा ती तुमच्यापर्यंत न पोचता मधल्याच एका मॅनेजरपाशी थांबलेली असते.