मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि वेळ घरच्या घरी कशी काढायची

आईबाबा पहिल्यांदा लेकीकडे अमेरिकेला निघाले की पहिला प्रश्न हाच, किती तास बसून राहायचं? वेबसाइट सांगते चौदा तास, तिकिटावर सोळा, मग त्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो. म्हणून आपणच हिशोब काढून त्यांना समजावून सांगायचा.

आधी एअरपोर्ट नक्की करा. न्यूयॉर्कसाठी जेएफके वेगळं आणि नेवार्क वेगळं, नेवार्क तर शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे, त्यामुळे तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. मुंबईचा बीओएम.

मग अंतर. ग्रेट सर्कल मॅपर या साइटवर दोन्ही कोड टाकले की लगेच मिळतं, पण घरात पोरांचा ग्लोब असेल तर दोरा घ्याच. 30 सेंटीमीटर व्यासाच्या ग्लोबवर विषुववृत्ताभोवती साधारण 94 सेंटीमीटर दोरा लागतो, म्हणजे 40,000 किलोमीटर. आता मुंबईवर एक टोक धरून दुसरं न्यूयॉर्कपर्यंत ताणा, भरेल 29 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर झाले! आणि दोरा कुठून जातो बघा, पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या टोकाजवळून. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कधीच कळत नाही.

आता वेळ. मोठं जेट ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातं, 12,500 भागिले 900 म्हणजे जवळपास चौदा तास, त्यात टेकऑफ-लँडिंगचा अर्धा-पाऊण तास धरा. वेबसाइटचा आकडा बहुतेक इथेच थांबतो. पण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, जाताना समोरून लागतो, आणि विमान दोऱ्यासारखं सरळ जाऊही शकत नाही, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, रशियाची हद्द अमेरिकन कंपन्यांना 2022 पासून बंद, मग वळसा पडतो. शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, म्हणजे धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही त्यातच. म्हणून जाताना सोळा तास धरा, येताना तोच वारा मागून असतो तर साडेचौदा.

शेवटी घड्याळ, आणि खरा घोळ इथेच होतो. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, मार्च ते नोव्हेंबर साडेनऊ. रात्री 2 ला मुंबईहून निघालात, सोळा तास मिळवले की आपले संध्याकाळचे 6, त्यातून साडेदहा वजा, म्हणजे तिकडे त्याच दिवशी सकाळचे साडेसात. परतीला शुक्रवारी सकाळी साडेअकराला निघालात तर साडेचौदा तास आणि वर साडेदहा, दोन्ही मिळवायचे, शनिवारी दुपारी साडेबारा.

दुबईमार्गे जाणार असाल तर अंतर फार वाढत नाही, मुंबई-दुबई 1,900 आणि पुढे 11,000 किलोमीटर, पण मधला थांबा मिळवायला विसरू नका. आणि न्यायला येणाऱ्याला मेसेज करताना वार, तारीख आणि ‘इथली वेळ’ हे तिन्ही लिहा.