पहिली फिल्म स्वतःच लिहायची आणि स्वतःच करायची असेल तर

लेखक आणि दिग्दर्शक एकच माणूस असला की एक घोळ हमखास होतो. लिहिताना वाटतं, हे सेटवर बघून घेऊ. आणि सेटवर कळतं की बघायला वेळच नाही. कमी पैशांतल्या फिल्मचं निम्मं प्रॉडक्शन लिहायच्या टेबलावरच उरकावं लागतं.

आधी लांबी. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब १२ पॉइंटच्या कुरियर फॉन्टवर आणि ठरावीक समासांवर बेतलेला आहे. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो गडगडतो. त्यामुळे आपल्याच मांडणीतली चार पानं घड्याळ लावून वाचा: संवाद मोठ्याने, आणि कृती मनातल्या मनात, पण खरोखर जितका वेळ लागेल तितका देऊन. त्यातून आपलं प्रमाण काढा. पहिल्या शॉर्ट फिल्मसाठी १० ते १२ मिनिटं पुरेत. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट ठरते, पण फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत मर्यादा १५ मिनिटांचीच आहे. शिवाय पंचवीस-तीस मिनिटांची फिल्म महोत्सवातल्या कार्यक्रमात बसवणं निवडणाऱ्यांना जड जातं. तेवढ्या वेळात त्यांना दोन-तीन फिल्म दाखवता येतात.

मसुदा पक्का झाला की सीनना नंबर द्या आणि ब्रेकडाउन काढा, म्हणजे कुठल्या सीनला काय-काय लागेल त्याची यादी. सीनची लांबी मोजायला प्रत्येक पानाचे आठ भाग धरायचे. सीन सव्वा पानाचा असेल तर 'एक पूर्णांक दोन अष्टमांश' असं लिहायचं. छोट्या टीमला दिवसाला चार-पाच पानं झेपतात, म्हणजे १२ पानांना तीन दिवस. रात्र, लहान मूल, प्राणी, चालती गाडी किंवा गर्दी आली की हा आकडा झपाट्याने खाली येतो. खरा सापळा आहे तो एका ओळीच्या सीनचा. समजा असं लिहिलंय:

'बाहेर. रेल्वे फलाट. रात्र. मुसळधार पाऊस. गर्दीतून वाट काढत सुधा धावत येते. गाडी सुटलेली असते.'

कागदावर एक अष्टमांश. प्रत्यक्षात फलाटाची परवानगी, पावसाची सोय, तीस-चाळीस ज्युनिअर आर्टिस्ट, रात्रीचे लाइट आणि वेळेवर सुटणारी गाडी: एक आख्खी रात्र. यातली गोष्ट एवढीच की तिची गाडी चुकली. मग असं लिहा:

'आत. प्रतीक्षागृह. रात्र. ओल्या केसांची सुधा बाकावर. लांब जाणाऱ्या गाडीचा आवाज. ती हातातल्या तिकिटाची घडी घालते, पुन्हा उलगडते, त्यावरची वेळ वाचते.'

एक नटी, एक बाक, आणि नंतर बसवायचा आवाज. भिंत कुठल्याही खोलीची चालेल. यात फक्त पैसे वाचत नाहीत, प्रेक्षकाला चेहरा बघायला मिळतो. अर्थात सगळंच आवाजावर ढकललं तर नभोनाट्य होईल. फिल्ममध्ये एक महागडा सीन ठेवाच. कुठला, ते मात्र तुम्ही ठरवा, पटकथेला ठरवू देऊ नका. आणि 'त्याला अपराधी वाटतं', 'तिला बालपण आठवतं' असल्या ओळी काढून टाका. कॅमेऱ्यासमोर काय घडतंय ते लिहा.

शेड्यूल गोष्टीच्या क्रमाने नव्हे, लोकेशनप्रमाणे लावा. बाहेरचे सीन आधी घ्या, म्हणजे हवा फिरली तर आतला सीन उचलता येतो. दिवसात एकदा लोकेशन बदललं तरी सामान आवरणं, नेणं, पुन्हा मांडणं यात दीड-दोन तास जातात. नटांचा सगळ्यात अवघड सीन पहिल्या दिवशी ठेवू नका, कुठल्याही दिवसाच्या शेवटच्या तासात तर नाहीच.

बारा तासांत पंधरा-वीस सेटअप (कॅमेरा आणि लाइटची नवी मांडणी) झाले तर दिवस चांगला गेला. शॉटलिस्टमधल्या ज्या शॉटशिवाय सीन जुळणारच नाही, त्यावर आदल्या रात्रीच खूण करा आणि दुपारपर्यंत तेवढे काढून घ्या. नेहमीची चूक म्हणजे मास्टरचे, म्हणजे सगळा सीन एकसलग दाखवणाऱ्या लांबच्या शॉटचे, आठ-दहा टेक. एडिटमध्ये मास्टर बहुधा सुरुवातीला आणि शेवटी काही सेकंद दिसतो, आणि क्लोजअपची वेळ येईपर्यंत नट रिकामा झालेला असतो. अभिनय संपल्यावर लगेच 'कट' म्हणू नका, मनात पाच आकडे मोजा. एडिटरला श्वास घ्यायला तीच जागा असते.

फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच, पहिल्या दिवशी तपासून. २४ फ्रेमला घरातले दिवे लुकलुकत असतील तर ५० हर्ट्झची वीज असेल तिथे शटर १/५० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०.

अंधूक चित्र प्रेक्षक एकवेळ चालवून घेतो, न कळणारा संवाद नाही. बूम (काठीवरचा माइक) फ्रेमच्या कडेला जितका जवळ येईल तितका, बोलणाऱ्यापासून दीड-दोन फुटांत. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संवादाचे उंचवटे उणे १२ डेसिबलच्या आसपास. फ्रिजची घरघर संवादात येते, तो बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही. सामान हलवण्याआधी, सगळी माणसं जागच्या जागी असताना, त्याच लाइटमध्ये पाऊण-एक मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घ्या. हा घ्यायचा राहून गेला तर संवादांच्या मधल्या जागा एडिटमध्ये ठिगळासारख्या ऐकू येतात.

डेटाच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दोन प्रती उघडून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

चित्र लॉक झाल्याशिवाय, म्हणजे एडिटमध्ये आता काही बदलणार नाही हे ठरल्याशिवाय, साउंड आणि संगीताकडे फाइल पाठवू नका. नंतर दोन सेकंद कापले तरी पुढचा सगळा ट्रॅक सरकतो. एडिटच्या सोयीसाठी लावलेलं प्रसिद्ध गाणं लवकर काढा, कान त्याला सरावतात. ते ठेवायचंच असेल तर दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक त्या रेकॉर्डिंगची. नट, लोकेशन, संगीतकार आणि सहलेखक यांच्या सह्या काम सुरू होण्याआधी घ्या. फिल्म विकली जायची वेळ आली की पहिली मागणी याच कागदांची होते.

थिएटरसाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत) बनवताना चित्राचे दोन आकार असतात: फ्लॅट २के म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल, आणि जास्त रुंद स्कोप २०४८ बाय ८५८. १९२० बाय १०८० ची फिल्म फ्लॅटमध्ये बसवली की दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या येतात. त्या चूक नाहीत, त्या घालवायला चित्र ताणू नका. फिल्म ऑनलाइन टाकण्याआधी ज्या महोत्सवांना पाठवायची आहे त्यांचे प्रीमियरचे नियम वाचा. काही ठिकाणी ऑनलाइन आलेली फिल्म घेतच नाहीत.

फिल्म महोत्सवात लागली की भेटणारा निर्माता पहिल्यांदा विचारतो, 'पुढचं काय?' त्या दिवशी 'विचार चाललाय' हे उत्तर वाया जातं. शॉर्ट फिल्मचं एडिट चालू असतानाच पूर्ण लांबीच्या पटकथेचा निदान दुसरा मसुदा झालेला असावा, आणि सोबत एक पानाचा सारांश. त्या पानात शेवट लपवू नका. वाचणाऱ्याला पैसे कुठे घालायचे ते ठरवायचं असतं, उत्सुकता ताणून घ्यायची नसते.